राहणाऱ्यांची हरकत नाही

१

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. म्हणणारं माणूस आता एकच उरलं होतं, तिची ताई. पण नाव टिकून होतं. धाकटीची पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरायला लागले होते, दवाखान्यात लोक तिला मॅडम म्हणत, आणि घरचं दार उघडलं की आतून हाक यायची, "धाकटे, चपला आत घे गं, कुत्रं पळवतंय."

ती कानाच्या डॉक्टरांकडे ऐकू येण्याच्या तपासण्या करायची. पेशंटला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेच्या अलीकडे बसून एकेक बारीक सूर सोडायचा. "ऐकू आलं की दाबा. अगदी पुसट आलं तरी दाबा." म्हातारी माणसं अंदाजाने दाबत, पोरं कंटाळून दाबत. कोण खरंच ऐकतंय आणि कोण ठोकून देतंय, हे तिला नुसत्या चेहऱ्यावरून कळायचं.

ताई टपाल खात्यातून निवृत्त झालेली. भाऊजी गेल्यावर धाकटीनेच तिला हट्टाने आपल्याकडे आणलं. आणि मग दोघींना मिळून एक खूळ लागलं. जिओकॅशिंग. ताईच्या लेकीने फोनवर दाखवून दिलं होतं: कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवतो, त्याचा ठावठिकाणा नकाशावर टाकतो, आणि अनोळखी माणसं तो शोधत येतात. सापडला की आतल्या कागदावर सही करायची आणि डबा होता तिथे ठेवून द्यायचा. बस, इतकंच. पण दर रविवारी या दोघी टोप्या घालून निघायच्या, पुलाखाली वाकायच्या, झाडांच्या ढोल्यांत हात घालायच्या, आणि डबा सापडला की शाळकरी मुलींसारख्या खिदळायच्या.

एका रविवारी घरी परतताना ताई म्हणाली, "आपणही एक लपवू या की."

"कुठे?"

ताई खिडकीबाहेर बघत होती. "आपल्या घरी," ती म्हणाली.

धाकटीला कळलं. घर म्हणजे वीज कंपनीचे क्वार्टर्स. त्यांचे बाबा तिथल्या सबस्टेशनात ऑपरेटर होते. मागच्या रांगेतलं शेवटचं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तारांचं कुंपण आणि त्यापलीकडे ट्रान्सफॉर्मर. त्यांची घुंई, तो एकसुरी गुणगुणाट, रात्रंदिवस चालायची. ते घर सोडल्यावर कित्येक महिने झोप लागली नाही, सगळीकडे फार शांत वाटायचं, असं ताई सांगायची. खिडकीची दारं हिरवी होती. दुपारी ऊन आत आलं की फरशीवर तारांच्या सावल्या पडायच्या आणि त्यांवर ताई लंगडी घालायची.

हे सगळं ताईचं. धाकटीजवळ त्यातलं काही नव्हतं. ती जेमतेम दोन वर्षांची असताना आई त्याच घरात वारली. बाबांनी बदली मागून घेतली. आई म्हणजे एक फोटो आणि ताईच्या गोष्टी.

"आवाज कसा होता गं तिचा?" धाकटी लहानपणी खोदून खोदून विचारायची.

"आवाज कसा सांगायचा वेडे?" ताई म्हणायची. "आवाजासारखा आवाज."

पुढे क्वार्टर्स पाडले. आता तिथे नुसतं गवत होतं आणि वरून जाणाऱ्या तारा.

२

खेळाचा एक नियम असतो. जागा ज्याची, त्याची परवानगी हवी. ती असल्याशिवाय नकाशावर डबा चढवत नाहीत. धाकटीने कंपनीला फोन लावला. ग्राहक सेवेने तिला सुरक्षा विभागाकडे टोलवलं, सुरक्षावाल्यांनी बिल विभागाकडे, आणि शेवटी कुणालातरी सुचलं की हे जमीन विभागाचं काम आहे.

जमीन विभागाचे साहेब शांत आवाजाचे होते. मध्ये न बोलता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे लोक आमच्या जागेत येऊन डबा शोधणार, आणि सापडला की परत तिथेच ठेवणार?"

"हो."

"न्यायचं काहीच नाही?"

"नाही."

"मग शोधतात कशाला?"

"सापडतो म्हणून," धाकटी म्हणाली.

ते हसले. "बरं आहे. आमच्याकडे लोक तांब्याची तार शोधायला येतात. त्यांना सापडली की परत ठेवत नाहीत." मग त्यांनी अटी सांगितल्या. डबा प्लॅस्टिकचा हवा, खणायचं नाही, कुंपणापासून लांब, टॉवरच्या पायाशी नाही, डब्यावर नाव आणि फोन नंबर ठळक लिहायचा. शेवटी म्हणाले, "आणि तिथे राहतात त्यांना एकदा विचारून घेतो."

"तिथे कुणी राहत नाही हो. क्वार्टर्स पाडलेत."

"हो, पाडलेत," ते म्हणाले. "तरी विचारलेलं बरं."

धाकटीला वाटलं, असेल एखाद्या वॉचमनचं कुटुंब, झोपडी बांधून.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला तेव्हा ती भांडी पुसत होती आणि फोन स्पीकरवर होता. "झालं तुमचं काम," साहेब म्हणाले. "राहणाऱ्यांची हरकत नाही. बाई म्हणाल्या, ठेवू द्या, येणं-जाणं राहील."

ताई टेबलाशी बसून नखं कापत होती. तिचा हात थांबला. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाल्या म्हणाला तो?"

"ठेवू द्या म्हणाल्या."

"नाही. पुढचं."

"येणं-जाणं राहील."

ताईने मान हलवली आणि पुन्हा नखं कापायला लागली. पण त्याच बोटाचं नख ती परत परत कापत राहिली.

३

साहेब स्वतः जागेवर आले. ऐन दुपार होती. फाटकावरच्या वॉचमनने कुलूप काढलं आणि तो परत आपल्या खुर्चीत जाऊन बसला. त्याची झोपडीबिपडी कुठे दिसली नाही. विचारल्यावर त्याने सांगितलं की तो संध्याकाळी घरी जातो.

जागा मोठी होती. गुडघाभर गवत, मधूनमधून जुन्या घरांची जोती, त्यांच्या चिरांतून उगवलेली झुडपं. पलीकडे सबस्टेशन, आणि तिथून येणारी ती घुंई. धाकटीला ती दातांत जाणवली. ताईने डोळे मिटून मोठा श्वास घेतला. "ऐकलंस? अगदी तशीच आहे."

साहेब पुढे चालत होते. सरळ जायचं सोडून ते एका जागी वळले, मग थोडं पुढे जाऊन पुन्हा वळले. मध्ये तर काहीच नव्हतं. धाकटीच्या लक्षात आलं की ते घरांना वळसा घालून चालले आहेत.

शेवटच्या जोत्याशी ते थांबले. त्यांनी टोपी काढली. "इथे," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या नळाच्या ठोकळ्याशी ठेवा. तिथे चालेल म्हणाल्यात."

ताई तर केव्हाच जोत्यावर चढली होती. बोटाने दाखवत होती, ही बाहेरची खोली, हे इथे बाबांची खुर्ची, इथे पाळणा, तुझा. धाकटी तिच्या मागे चढली, आणि घुंई कमी झाली.

बंद झाली नाही, पण बसली. कुणी खिडकी लोटून घ्यावी तशी. ती एक पाऊल मागे सरून खाली उतरली. घुंई परत आली. वर चढली. बसली.

आवाज हा तिच्या पोटापाण्याचा विषय होता. तिने मनात कारणं जुळवायला घेतली. वारा फिरला असेल. जोत्याची उंची. कानांत दडे बसले असतील. मग तिने, एखाद्या नव्या खोलीत गेल्यावर वाजवायची तशी, एक टाळी वाजवली.

उघड्या रानात टाळी जाते ती जाते. ही परत आली. लगेच आली, जवळून, चारही बाजूंनी. बुटक्या छताच्या छोट्या खोलीत येते तशी.

धाकटीने वर बघितलं. डोक्यावर तर निळं आभाळ होतं.

"अहो," साहेब खालून म्हणाले, "टाळ्या नका वाजवू. झोपलेलं असतं कुणी."

"कोण?" तिने विचारलं.

साहेबांनी टोपी हातात फिरवली. "हे बघा, मी बदलून आलो तेव्हा आधीच्या साहेबांनी मला इतकंच सांगितलं होतं की मागच्या रांगेत काही करायचं असलं तर विचारून करा. मी विचारतो. त्या सांगतात. भल्या आहेत. याउपर मला काही माहीत नाही, आणि खरं सांगू का, माहीत करून घ्यायचंही नाही."

ताई स्वयंपाकघराच्या जागेत उभी होती. तिची पाठ यांच्याकडे होती. ती मान किंचित कलती करून काहीतरी ऐकत होती, आणि मध्येच "हो" म्हणाली.

डबा ठेवून ते निघाले तेव्हा साहेब जोत्याकडे वळून म्हणाले, "येतो बाई." धाकटीने कान दिले. तिला काही ऐकू आलं नाही. पण ताई हसली.

४

डबा नकाशावर चढला आणि माणसं येऊ लागली. डब्यावर धाकटीचा नंबर होता, तेव्हा फोनही येऊ लागले.

पहिला एका तरुण बापाचा. "मॅडम, मस्त जागा आहे. आमची चिमुरडी उन्हाने मलूल झाली होती, पण त्या बाईंनी पाणी दिलं. त्यांना आमचे आभार सांगा."

"कुठल्या बाई?"

"त्या घरातल्या हो. खिडकीतल्या." मागून मूल रडायला लागलं आणि त्याने फोन ठेवला.

मग एक निवृत्त मास्तर. डबा सापडत नव्हता तर बाईंनी सांगितलं म्हणे, नळाच्या मागे हात घाला. मग दोन कॉलेजच्या मुली. कुणी म्हणायचं खिडकी होती, कुणी म्हणायचं नुसता आवाज आला, पाठीमागून. चेहरा कुणालाच सांगता येत नव्हता. पण आवाजाबद्दल सगळे बोलायचे. गोड म्हणायचे. आपल्यातलाच वाटतो, म्हणायचे.

धाकटीला भीती वाटली हे खरं. पण भीतीच्या खाली दुसरंच काही होतं, आणि ते तिला कुणाजवळ बोलताही येईना. ती मत्सराने जळत होती. वाटेवरच्या कुणाही माणसाला जे मिळत होतं ते तिच्या वाट्याला नव्हतं. दोन रविवार ती एकटी जाऊन जोत्यावर बसून आली. खोलीसारखी शांतता, दबलेली घुंई, आणि बाकी काही नाही. जणू घरात माणूस आहे आणि मुद्दाम श्वास रोखून बसलंय.

ताई मात्र खुलली होती. धाकटी कामावर गेली की दुपारी ती बस पकडून तिकडे जायची. संध्याकाळी परतायची ती गवताच्या काड्या साडीला चिकटलेल्या, गाल उन्हाने लाल झालेले.

"काय करतेस तिथे इतका वेळ?"

"बसते. गप्पा होतात."

"ताई, कुणाशी?"

ताईने उत्तर दिलं नाही. ती टाळत होती असंही नव्हतं. तिला ऐकूच गेलं नव्हतं. धाकटीने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. ताई स्वतःशी गुणगुणत फुलपात्रं पालथी घालत राहिली.

५

"काही नाही गं, वयाने होतं," असं स्वतःलाच समजावत धाकटी तिला दवाखान्यात घेऊन गेली. जेवणाच्या सुट्टीत, डॉक्टर नसताना. आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, बटण दिलं.

"ऐकू आलं की दाबायचं. पुसट आलं तरी दाब."

"मला माहितेय. तुझं काम आहे ते, माझ्यावर नको रुबाब करूस," ताई म्हणाली, आणि क्षणभर सगळं जिथल्या तिथे होतं.

धाकटीने काचेपलीकडून सूर सोडला. ताई बसून राहिली. तिने आवाज वाढवला. ताई बसून राहिली. इतक्या मोठ्या आवाजाला बहिरी माणसंही दचकतात. ताई समोरच्या भिंतीकडे बघत होती, प्रसन्न.

धाकटीने सूर बंद केला. मशीनवरचे सगळे काटे खाली आणले आणि हात मांडीत घेऊन बसली. आता काय करायचं याचा ती विचार करत होती.

मशीनवरचा दिवा लागला. ताईने बटण दाबलं होतं.

हेडफोनमध्ये काहीच चालू नव्हतं. दिवा विझला. थोड्या वेळाने पुन्हा लागला. मग पुन्हा. अंदाजाने दाबणाऱ्या माणसांचे चेहरे धाकटीला पाठ होते. हा तसा नव्हता. ताईच्या डोळ्यांत आधी ओळख यायची आणि मग बोट हलायचं. ती ऐकत होती.

धाकटीने दार उघडलं आणि तिच्या कानांवरून हेडफोन ओढून काढले. "काय ऐकू आलं तुला?"

ताई तिच्या ओठांकडे बघत होती. "ओरडू नकोस," ती म्हणाली. "आई हाक मारतेय. जेवायला बोलावतेय कधीची." आणि मग, जरा काळजीने, "मी जाऊ ना गं?"

६

धाकटीने साहेबांना फोन करून सांगितलं की डबा काढायचा आहे, परवानगी नको, काही नको.

"काढा की," ते म्हणाले. "पण ठेवताना विचारून ठेवलाय. नेताना विचारून न्या. आणि यावेळी तुम्हीच विचारा. डबा तुमचा आहे."

ताईला शेजारणीकडे बसवून ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली. वॉचमनने कुलूप काढलं. गवत वाढलं होतं, पण शेवटच्या जोत्यापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांची पायवाट पडली होती. पायवाटही वळसे घेत गेली होती, घरांना टाळून.

ती जोत्यावर चढली. घुंई बसली. नळाच्या ठोकळ्यामागे डबा होता तसा होता. नुसता उचलून चालू पडावं असं तिला एकदा वाटलं, पण हात पुढे होईना. विचारायला तोंड उघडलं, तर हाक काय मारायची इथपासून अडलं. तो शब्द तिने कळत्या वयात कुणालाच उद्देशून वापरला नव्हता. जिभेवर तो नवा होता, दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूसारखा.

"आई," ती म्हणाली. आवाज भिंतींना लागून परत आला. "आई, डबा न्यायला आलेय. नेऊ?"

आधी एक भांडं जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. मग फरशीवरून अनवाणी पावलं आली, सावकाश, तिच्याच दिशेने, आणि तिच्या खांद्याच्या उंचीवर, गवत आणि आभाळ यांच्यामध्ये, हिरव्या खिडकीचं एक दार तिला दिसलं. एकच. त्याचा रंग पोपडे धरून सुटलेला होता. दाराच्या कडेवर एक हात होता, कोपरापर्यंत ओला, तरुण. धाकटीच्या स्वतःच्या हातापेक्षा किती तरी तरुण.

"हळू बोला हो," आवाज म्हणाला. "धाकटी आत्ताच कुठे झोपलीय."

आवाजासारखा आवाज होता. ताईचं खरं होतं, तो सांगता येण्यासारखा नव्हताच. इतकी वर्षं ज्याच्यासाठी कान आसुसले होते तो आवाज तिच्याशी बोलत होता, आणि तिला अहो-जाहो करत होता. दारावर आलेल्या परक्या, वयस्कर बाईशी बोलावं तसं.

'आई, मी इथे आहे,' असं म्हणायला तिने श्वास घेतला. तेवढ्यात आतून, खिडकीच्या मागच्या अंधारातून, लहान मूल कुशीवर वळताना करतं तसा बारीक हुंकार आला. धाकटीने तोंडावर हात ठेवला. आत जे झोपलं होतं त्याला जागं करायचं नव्हतं. का ते तिला सांगता आलं नसतं, पण जिवाच्या आकांताने करायचं नव्हतं.

"न्या तुमचा डबा," आवाज म्हणाला. हात खिडकी ओढून घेऊ लागला, आणि मध्येच थांबला. "आणि एक काम कराल? आमची थोरली अजून आली नाही. खेळता खेळता लांब जाते, वेळेचं भान नसतं तिला. वाटेत दिसली तर पाठवून द्या. म्हणावं, पानं वाढलीत."

खिडकी लागली. कडी सरकल्याचा आवाज आला. आणि मग गवतावरून वारा गेला आणि घुंई चहूकडून परत आली, उघड्या रानातली, मोठी.

७

ताई शेजारणीच्या दारातच उभी होती. शेजारणीला बाजूला सारून ती पुढे आली. "भेटली? काही म्हणाली का?"

धाकटीने तिचे दोन्ही हात धरले. ओठ नीट हलवून, ताईला वाचता येईल असं म्हणाली, "नाही. कुणी नव्हतं तिथे."

ताईने तिच्याकडे खूप वेळ बघितलं. मग तिचे डोळे भरून आले आणि लहान मुलीसारखी, आवाज न करता, ती रडली.

डबा नकाशावरून उतरवला. फोन थांबले. साहेब निवृत्त झाले असं कुणाकडून तरी कळलं. ताईचे कान हळूहळू माघारी आले. आधी मोठे आवाज, मग बोलणं, मग पाऊस. आता ती चांगलं ऐकते. रविवारी दोघी अजून टोप्या घालून निघतात, पण सबस्टेशनच्या बाजूची बस धाकटी चुकूनही पकडत नाही. कधीतरी, जेवता जेवता, ताई घास हातात धरून विचारते, "मला कुणाचा निरोप होता का गं?" धाकटी नाही म्हणते. दर वेळी म्हणते, आणि दर वेळी तिला ते जास्त जड जातं, कारण तिथे पानं वाढून कुणी बसलंय हे तिला ठाऊक आहे.

दुपारी जेवणं झाली की दोघी एकाच खोलीत आडव्या होतात. निजण्यापूर्वी धाकटी ताईच्या पदराचं टोक मुठीत धरते. ताई चेष्टा करते, "एवढी घोडी झालीस तरी?" आणि घोरायला लागते. मग धाकटीचा डोळा लागतो न लागतो, तोच तिच्या पाठीवर कुणीतरी थोपटू लागतं. सावकाश, एका लयीत. तो हात ओला असतो.

तिला इतकं बरं कधीच वाटलेलं नसतं. डोळे मात्र ती घट्ट मिटून घेते. उघडले तर आपण कुठल्या खोलीत असू, हे तिला बघायचं नसतं.